नवरदेवांची तोंडी परीक्षा

माझं लग्न बराच काळ इंग्रजी वाक्प्रचारांवर अडून बसलं होतं. कुणाचं पत्रिकेवर अडतं, कुणाचं मानपानावर, कुणाचं सावळ्या रंगावर. माझं 'अ‍ॅट सिक्सेस अँड सेव्हन्स' ह्यावर अडलं. ह्याचं सगळं श्रेय आमच्या शेजारच्या सरांना आहे आणि ते त्यांच्याकडून कुणी हिरावून घेऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

सर बदनापूरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते. राहायला नवीन जालन्यात, आमच्या भिंतीला भिंत लावून. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी रेल्वेने ये-जा केली आणि त्या ये-जा करण्यात कधीतरी त्यांना साक्षात्कार झाला. मराठवाड्याचा माणूस इंग्रजीला घाबरतो, पण आकड्याला घाबरत नाही. तेव्हा त्याला इंग्रजी शिकवायची तर आकड्यांतून शिकवावी. "आकडा वळखीचा दिसला की त्याच्या मागून बाकीचं वाक्य पाहुण्यावानी घरात येतं," असं ते म्हणायचे. मग त्यांनी व्याकरण वगैरे किरकोळ गोष्टी बाजूला ठेवल्या आणि एकापासून शंभरापर्यंत सापडतील तेवढे आकडेवाले वाक्प्रचार वर्गात शिकवले. त्याचा परिणाम असा, की सरांच्या हाताखालून गेलेल्या पोरांना बँकेत साधा अर्ज इंग्रजीत लिहिता येत नाही, पण मांजराला नऊ जन्म असतात हे ती छातीठोकपणे इंग्रजीत सांगतात. मीही त्यांच्याकडे शिकवणीला होते, म्हणून अनुभवाने बोलते.

निवृत्तीनंतर विद्यार्थी संपले, वाक्प्रचार उरले. ते कुठे तरी खर्च करणं भागच होतं. दुपारचं जेवण झालं की सरांच्या दारावर पुठ्ठ्याची पाटी लटकायची : 'फॉर्टी विंक्स'. म्हणजे डुलकी. चाळीसदा पापणी मिटावी एवढी झोप, असा त्या शब्दांचा हिशोब. सर चहाच्या वेळेपर्यंत असे घोरायचे की आमच्या घरातली मांडणी थरथरायची. कुरिअरवाला तर बरेच दिवस त्यांचं आडनाव विंक्स आहे असंच समजून होता. संध्याकाळी इस्त्रीचा सफारी, पॉलिश केलेले बूट, केसांना तेल अशा थाटात सर बाहेर पडायचे. त्याला इंग्रजीत 'ड्रेस्ड टू द नाइन्स' म्हणतात, नखशिखान्त नटलेला. जायचे कोथिंबीर आणायला.

त्यांच्या घरातले संवाद भिंतीपलीकडून फुकट ऐकायला मिळायचे. काकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "अहो, गॅस संपला."

"हे तू मला इलेव्हन्थ अवरला सांगायलीस!"

"इलेव्हन-बिलेव्हन न्हाई, बारा वाजले. नंबर लावा जल्दी, न्हाईतर बसा ढगावर उपाशी."

काकू सातवी शिकलेल्या होत्या आणि सरांना अजिबात मोजत नव्हत्या. त्यांचा हा गुण मला फार आवडायचा.

ढगाचा उल्लेख आला त्याला कारण होतं. सरांचं एक लाडकं प्रवचन होतं आणि ते आमच्या गल्लीत कुणीही, अगदी दूधवाल्यानेही, ऐकायचं राहिलेलं नव्हतं. "बघ," सर म्हणायचे, "इंग्रजाचा नऊ कुठं आन् आपला नऊ कुठं! तो खुश झाला की क्लाउड नाइनवर, नवव्या ढगावर जाऊन बसतो. आपल्या नाकी नऊ येतेत. तो इलेव्हन्थ अवरला, अगदी शेवटच्या घडीला का होईना काम उरकतो. आपण बारा वाजल्याबिगर हालत न्हाई. त्याचा गोंधळ सिक्स-सेव्हनमंदी आटपतो. आपले तीन तेरा नऊ अठरा व्हतेत. आता तूच सांग, कोणत्या भाषेत माणूस सुखी हाय?"

"मंग मराठीच बरी की," आतून काकू म्हणायच्या. "निदान खरं तरी बोलती."

सर त्यांना 'नाइन्टीन टू द डझन' म्हणायचे. म्हणजे अखंड बडबडणारी बाई. काकूंना त्याचा अर्थ माहीत होता. त्या तो ऐकून सरांच्या चहात साखर घालायला विसरायच्या.

एवढ्यावर थांबलं असतं तर सर गल्लीतला एक निरुपद्रवी नमुना म्हणून राहिले असते आणि मीही त्यांच्यावर प्रेम करत राहिले असते. पण आमच्या गल्लीतल्या एका मुलीचं लग्न झालं आणि सगळं बिघडलं. मुलगा पुण्याच्या बड्या कंपनीत आहे, फडाफडा इंग्रजी बोलतो, असं सांगितलं होतं. लग्नानंतर कळलं की कंपनीने त्याला कधीच घरी बसवलंय आणि फडाफडा म्हणजे 'येस' आणि 'नो' एवढंच. मुलीच्या बापाने कपाळावर हात मारला आणि गल्लीतल्या बाकीच्या बापांनी धडा घेतला. ठरलं, की ह्यापुढे मुलगी पाहायला पाहुणे आले की सरांना बोलवायचं आणि मुलाची इंग्रजी तपासून घ्यायची. ही पद्धत नवीन जालन्यातून बदनापूरपर्यंत पसरली, आसपासच्या खेड्यांतही गेली. पाहुण्यांच्या यादीत मुलीचा मामा एक वेळ नसला तरी चालेल, सर पाहिजेत.

बायका म्हणायच्या, केवढी सुधारणा झाली बघा. आजवर फक्त मुलीला विचारायचे, नाव काय, शिक्षण किती, पोळ्या येतात का. आता मुलालाही प्रश्न विचारतात. विचारायचे अर्थात सरांनी. मुलीने पाटावर बसून खाली बघण्याचं काम पूर्वीसारखंच चालू ठेवायचं होतं.

सर परीक्षेला सफारीत यायचे. पंख्याखालची खुर्ची त्यांची. निकाल लागेपर्यंत पोह्यांना हात लावायचे नाहीत, आपण मिंधे आहोत असं कुणाला वाटू नये म्हणून. मग घसा साफ करून, एकाच्या वाक्प्रचारापासून चढत्या आकड्याने सुरू करायचे. 'बॅक टू स्क्वेअर वन' म्हणजे काय? वाक्यात उपयोग करा. मग दोनाचा, मग तिनाचा. सहा-साताला मुलगा हमखास घसरायचा. 'अ‍ॅट सिक्सेस अँड सेव्हन्स', म्हणजे सगळी अव्यवस्था, गोंधळ. पगारदार, धडधाकट, आईबापाला सांभाळणारा मुलगा घाम पुसत म्हणायचा, "सहा आणि सात... म्हणजे तेरा?" आमच्या घरी असं झालं की सर माझ्या वडिलांकडे बघून मान हलवायचे. वडील पाहुण्यांना म्हणायचे, "आम्ही कळवतो." आमच्याकडे कळवतो म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं.

माझे वडील शेतकरी माणूस. बदनापूरच्या बाजूला मोसंबी, शिक्षणासाठी आम्हाला जालन्यात आणून ठेवलेलं. इंग्रजीपुढे त्यांची फार पंचाईत व्हायची, त्यामुळे सरांवर त्यांचा विश्वास आंधळा होता. मी कृषीची पदवी घेऊन एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत लागले होते. काम उगवण तपासायचं. बी वरून कितीही चकचकीत दिसलं तरी आम्ही त्यावर विश्वास ठेवत नाही. ओल्या कागदात गुंडाळतो आणि वाट बघतो. कोंब आला तर खरं. नुकताच त्या विभागाचा सगळा भार माझ्याकडे आला होता आणि मला ते काम जिवापाड आवडत होतं. त्यामुळे माझ्या लग्नात मला एकच गोष्ट कळीची वाटत होती, की लग्नानंतर हे काम सुटू नये. पण ही गोष्ट कुठल्याच आकड्यात बसत नव्हती, म्हणून ती सरांच्या परीक्षेत नव्हती.

एक मुलगा आला होता. एमआयडीसीतल्या एका स्टीलच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचा. सरांनी सहा-साताचं विचारलं तर सरळ म्हणाला, "म्हाईत न्हाई, सर. पण तुम्ही सांगा, ध्यानात ठेवतो." मला तो बरा वाटला. सरांनी त्याला नापास केला. माझं मत विचारायची पद्धत नव्हती, त्यामुळे मी कपबश्या आत नेल्या आणि एक मुद्दाम आपटली.

मग चमत्कार झाला. जालना जिल्ह्यातल्या लग्नाळू मुलांची इंग्रजी एकाएकी सुधारली. परतूरचा पोरगा पास, अंबडचा पास, भोकरदनचा तर उदाहरणांसकट पास. गल्लीतल्या मुली भराभर उजवल्या गेल्या. सर प्रत्येक लग्नात पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर फेटा बांधून बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "परीक्षेचा धाक पाहिजे माणसाला. पोरं अभ्यास करू राह्यले आता." सरांचा सफारी त्या दिवसांत छातीवर जरा घट्टच झाला होता. काकूंना मात्र ते पटत नव्हतं. "वर्गात बसवून ज्यांला आलं न्हाई," त्या माझ्या आईला म्हणाल्या, "त्यांला लग्नाच्या नावानं कसं यायलं?"

माझ्यासाठी पुण्याचं स्थळ आलं ते ह्या लाटेत. आणलं मामांनी. हे मामा सोयरिकी जुळवायचे. ते नेमके कुणाचे मामा हे कुणालाच माहीत नव्हतं, पण जालन्यातला एकही पाहण्याचा कार्यक्रम त्यांच्याशिवाय होत नसे. मुलगा मोठ्या पगाराचा, फ्लॅटवाला. मामांनी फोनवर आईला सांगितलं, "पोरीला नोकरी करायची बिलकुल गरज पडणार न्हाई." आईला ती आनंदाची बातमी वाटली. मी जेवता जेवता उठले.

रविवारी सकाळी पाहुणे आले. मुलगा, त्याची आई, काका आणि मामा. मुलगा खरोखर ड्रेस्ड टू द नाइन्स होता, सरांनी त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. मला विचारायचं ते विचारून झालं. पोळ्या येतात हेही सिद्ध झालं. मग सरांनी घसा साफ केला आणि परीक्षा सुरू झाली. एक, दोन, तीन, चार, पाच. मुलगा खाडखाड उत्तरं देत होता. माझे वडील माझ्याकडे बघून हसले. त्यांच्या डोक्यात मांडव उभा राहिलेला मला दिसत होता.

तेवढ्यात काकू चहाचा ट्रे घेऊन आल्या आणि सरांच्या पायाला अडखळल्या. एक कप सरांच्या पांढऱ्याशुभ्र सफारीवर. धावपळ झाली, फडकं आलं, पाणी आलं. काकू म्हणाल्या, "पाय पोटाशी घ्यावा माणसानं, पंख्याखाली काय पसरून बसायचं?" सर चिडून, मांडी पुसत पुसत पुन्हा मुलाकडे वळले. त्या गडबडीत त्यांचा सहा-साताचा प्रश्न राहून गेला. त्यांनी पुढचाच विचारला.

"क्लाउड नाइन म्हणजे काय?"

"संपूर्ण गोंधळ," मुलगा ताठ बसून म्हणाला. "सगळी अव्यवस्था. माय रूम इज अ‍ॅट सिक्सेस अँड सेव्हन्स."

माझे वडील समाधानाने मान डोलावत होते. मुलाची आई लेकाकडे बघून भरून पावली होती. खोलीत इंग्रजी कळणारी दोनच माणसं होती, सर आणि मी. सरांचा मांडी पुसणारा हात थांबला. त्यांनी मुलाकडे पाहिलं, आणि फार हळू आवाजात पुढचा प्रश्न विचारला.

"इलेव्हन्थ अवर?"

"परमानंद! आय वॉज ऑन क्लाउड नाइन ऑन माय प्रमोशन डे."

मला आधी हसू आलं आणि मग सगळं एकदम लख्ख कळलं. मामा. प्रत्येक घरात, प्रत्येक परीक्षेला मामा हजर. प्रश्न तेच, क्रम तोच. ऐकून ऐकून त्यांना सगळं तोंडपाठ झालं होतं आणि येताना गाडीत ते पोरांकडून घोकून घेत होते. आमच्या जिल्ह्यात पेपर फुटणं ही काही नवलाची गोष्ट नाही, पण लग्नाचा पेपर फुटल्याचं मी तरी प्रथमच पाहत होते. मामा छताकडे बघत होते. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं.

"काय सर?" वडिलांनी विचारलं. "बराबर हाय ना?"

सर पुन्हा मांडी पुसायला लागले. त्यांच्या डोक्यात काय चाललं असेल ते मला ओळखता येत होतं. ह्याला नापास करायचं तर कारण सांगावं लागणार. कारण सांगितलं तर परतूरचा, अंबडचा, भोकरदनचा, सगळेच गोत्यात. ज्यांच्या ज्यांच्या मांडवात फेटा बांधून बसले ती सगळी लग्नं सरांनी मामांच्या पाठांतरावर लावलेली ठरणार. मी डोळे वर करून सरांकडे पाहिलं. त्यांनीही माझ्याकडे पाहिलं. मग नजर काढून घेतली आणि म्हणाले, "पास. हंड्रेड परसेंट."

माझा संताप झाला. आयुष्यात इतका राग मला कुणाचा आला नसेल. ह्या माणसाने मला बाराखडी शिकवावी तितक्या मायेने इंग्रजी शिकवली होती आणि हाच माणूस स्वतःच्या फेट्यासाठी मला पुण्याला पार्सल करत होता. आई साखर आणायला उठली. वडील सुपारीचं बघा म्हणाले. आता तोंड उघडलं नाही तर जन्मभर त्या माणसाच्या 'परमानंदा'त राहावं लागेल हे मला स्वच्छ दिसलं.

"मला एक विचारायचंय," मी म्हणाले. आमच्यात पाटावरची मुलगी असं म्हणत नाही. आई दारातच थबकली. मी मुलाकडे वळून विचारलं, "लग्नानंतर मला नोकरी करायचीय. तुम्हाला चालेल का?"

मराठीत होता प्रश्न. आकडाही नव्हता त्यात. मुलाने माझ्याकडे पाहिलं, मग फार आशेने मामांकडे पाहिलं. मामा छत सोडायला तयार नव्हते.

आणि तेव्हा सर बोलले. अंगावरचा चहाचा डाग तसाच. "मामाकडं बघू नका," ते मुलाला म्हणाले. "त्यांनी गाडीत पाठ करून घेतलं त्याच्यात हा प्रश्न न्हाई. माझ्याजवळच नव्हता, तर त्यांच्याजवळ कुठून असणार? तुम्हीच सांगा."

वडिलांनी सरांकडे, मग मामांकडे पाहिलं. त्यांना इंग्रजी येत नव्हती, पण हे कळायला ती लागत नव्हती.

मुलगा म्हणाला, "आई म्हणेल तसं."

त्याच्या आईने ओठ आवळून सांगितलं, की आमच्या घरच्या सुना बाहेर पडत नाहीत. "मंग हेच आधी सांगायचं ना, बाई," काकू ट्रे उचलता उचलता म्हणाल्या. "उगं लेकराला इंग्रजी बोलायला लावलं."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मग उभे राहून, हात जोडून पाहुण्यांना म्हणाले, "आम्ही कळवतो." त्या दोन शब्दांसाठी मी त्यांची जन्माची ऋणी आहे. मामांनी जाता जाता चपला घालताना कुरकुर केली, "चांगली चांगली पोरं इंग्रजीपायी हातची जाऊ राह्यली व्हती. मी जरा हात दिला. काय वाईट केलं?" त्यांना खरोखरच आपण काही वाईट केलं असं वाटत नव्हतं. आजही वाटत नाही.

गल्लीत माझी चर्चा झाली. पोरगी फटकळ निघाली, आता हिला कोण करणार, वगैरे. मी रोज कंपनीत जात राहिले. सरांशी मी बोलणं टाकलं होतं. त्यांना आता कुणी पाहण्याच्या कार्यक्रमाला बोलवत नव्हतं. ते मात्र रोज जेवण झालं की स्कूटर काढून कुठे तरी जायला लागले. दुपारची झोप बंद. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "मला सांगत न्हाईत. डोक्याला टोपी बी घालत न्हाईत, उन्हात फिरायलेत."

एके दिवशी मी कामावरून आले तर सर फाटकात स्कूटर लावत होते. चेहरा उन्हाने रापलेला. माझी वाट बघत थांबल्यासारखे वाटले, म्हणून मीही थांबले.

"परतूरला गेल्तो," ते म्हणाले. "त्याच्याआधी अंबडला. ज्या ज्या पोरींचे पाहुणे मी पास केले, त्यांच्या घरी जाऊ राह्यलो."

"कशाला?"

"तू इचारला व्हता तो प्रश्न इचारायला. म्हणलं, पोरी, तुला कुणी काही इचारलं व्हतं का? तुझ्या मनात काय व्हतं?" सरांनी खिशातून रुमाल काढला आणि मान पुसली. "एक हसली. म्हणली, सर, माझं बरं चाललंय, तुम्ही कशाला दगदग करता. एकीच्या सासूनं दारातूनच वाटंला लावलं. आन् ही परतूरची... हिला नर्स व्हायचं व्हतं. मला म्हाईत बी नव्हतं. ती मला म्हणली, सर, आता इचारून काय करता?"

माझा राग कुठे गेला ते कळलं नाही.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार?" सर म्हणाले. "तिनं चहा केला व्हता. पिलो आन् आलो."